केबलचं पोट आणि एकेचाळीस धवले

हेमचंद्र टिपणीस हा माणूस अठ्ठावीस वर्षं पंप खोलत आणि परत जोडत आला होता. मोरिवलीला लागून जो रसायनांचा कारखाना होता, तिथे तो फिटर. पंप कण्हायला लागला की हा नुसता कान लावून सांगायचा, बेअरिंग गेलं की आतला पंखा झिजला. सगळं अंबरनाथ त्याच्या हाताचं कौतुक करी, पण त्या हाताला विश्रांती द्यावी असं कुणाला सुचत नसे. एक्याण्णव सालच्या त्या चैत्रात तर बदली माणूस दोन दिवस आलाच नाही. टिपणीस सोळा तास उभा राहिला आणि सकाळी बाहेर पडला तो बदलापूरला घरी न जाता उलटा उल्हासनगरला गेला. बायकोला शब्द दिला होता ना.

बायको म्हणजे मालिनीबाई. घरात टायपिंगचा क्लास चालवायच्या आणि एका बंद पडलेल्या हपिसातला जुना कॉम्प्युटर त्यांनी हौसेनं घेतला होता. त्याच्या पोटात साठवायला काही नव्हतंच. सगळा कारभार फ्लॉप्यांवर. एका फ्लॉपीवर तो सुरू व्हायचा, दुसरीवर मालिनीबाईंचं लिखाण. आणि लिखाण तरी कसलं? बदलापूर गावातल्या पुतळाबाईचे धवले.

पुतळाबाई ही आगऱ्यांची धवलारीण. लग्नाचा मांडव घातला की एक गाणं, तांदूळ निवडले की दुसरं, हळद लावली की तिसरं, असं करत नवरी सासरी जाईपर्यंत धवले म्हणत लग्न पार पाडणारी बाई. तिची अट एकच, ज्या विधीचा जो धवला, तो विधी चाललेला असतानाच तोंडातून निघणार. रिकामं बसून नाही. म्हणून मालिनीबाई दोन वर्षं वही घेऊन तिच्या मागून लग्नालग्नांत हिंडल्या. एकेचाळीस धवले झाले. जसजसे टाईप झाले तसतसा वहीच्या पानांनी न्हाणीघरातला बंब पेटवला, कारण आता यंत्रात होते ना. पुढे लोकांनी लाऊडस्पीकर लावायला सुरुवात केली, पुतळाबाईला बोलावणी बंद झाली. तिचं पुस्तक करायचं, वर तिचं नाव घालायचं, एवढं मालिनीबाईंनी तिला कबूल केलं होतं. आणि नेमका आता फ्लॉपी घालायचा ड्राइव्ह मोडला.

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात गोवर्धनदास नावाच्या सिंधी शेटचं दुकान होतं. त्यानं नवा ड्राइव्ह काढून दिला, सोबत पट्टीसारखी चपटी केबल दिली आणि म्हणाला की मशीन घेऊन या, बसवून देतो. टिपणीसला ते लागलं. पाच-पाच मणाचे पंप बसवणारा मी, आणि ही डबी मला बसवता येणार नाही? गोवर्धनदासनं खांदे उडवले.

"ठीक है साईं. सिर्फ लाल किनारी उधर रखना, जिधर एक लिखा है."

टिपणीसनं मान हलवली. पण सोळा तासांनंतर मान आपोआपच हलते, तिला ऐकावं लागत नाही.

घरी येऊन त्यानं चहासुद्धा घेतला नाही. झाकण काढलं, जुना ड्राइव्ह ओढून काढला, नवा सरकवला, चारी स्क्रू एकसारखे आवळले. सगळं झकास. मग केबलची वेळ आली आणि इथे अठ्ठावीस वर्षांची सवय आडवी आली. त्या कारखान्यात वरच्या पायपांतून सतत आम्लाचं पाणी ठिबकायचं. म्हणून तिथली रीत अशी, की कुठलीही केबल वरून सरळ आत न्यायची नाही. तिला खाली पोट सोडायचं आणि मग खालून वर आत घ्यायची. पाणी पोटाशी जमून टपकून जातं, यंत्रात शिरत नाही. टिपणीसनं ह्या पट्टीलाही सुरेख पोट दिलं. पोट नीट लोंबावं म्हणून पट्टीला एक पीळ मारला आणि पिळाबरोबर तिचं टोक उलटं झालं. उलटं असूनही ते मुकाट्यानं बसलं.

बटण दाबलं. ड्राइव्हचा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. टिपणीस खूश झाला. कारखान्यात दिवा लागून राहिला म्हणजे पंप चालू.

त्यानं सुरू करायची फ्लॉपी घातली. यंत्र काही बोलेना. तिची जोडीची नक्कल घातली. तरी नाही. आता फिटरचं डोकं असं, की पंप ठीक आणि पाणी येत नाही म्हणजे खोट टाकीत. फ्लॉप्याच खराब असणार. त्यानं मालिनीबाईंकडे धवल्यांची मागितली, कारण ती परवापर्यंत चांगली चालत होती. मालिनीबाईंनी ती हातात धरून ठेवली.

"अहो, जरा झोपून उठा. मग बघू."

"झोपलो तर दोन दिवस उठायचा नाही मी. आण इकडे."

त्यांनी दिली. ती आत गेली, दिवा तसाच, आणि यंत्र तसंच गप्प.

दुपारी चारला उठून त्यानं पुन्हा झाकण काढलं. झोपेनं डोळे धुतले गेले होते; ड्राइव्हवर बारीक अक्षरात लिहिलेला एकचा आकडा दिसला आणि लाल किनार त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला दिसली. पीळ काढून केबल सरळ लावली. आता दिवा क्षणभर लागला आणि विझला, जसा विझायला हवा. तरी तीन फ्लॉप्यांपैकी एकही वाचली जाईना. त्या खिशात घालून तो तसाच उल्हासनगरला गेला. गोवर्धनदासनं एकेक आपल्या मशीनमध्ये घालून पाहिली आणि कपाळाला हात लावला. केबल उलटी असली की ड्राइव्ह वाचत नाही, उलट जे घालाल ते पुसतो, हे त्यानं हळू आवाजात समजावलं. सुरू करायची फ्लॉपी त्यानं नवी करून दिली. धवले तो कुठून देणार?

मालिनीबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कॉम्प्युटरवर कापड टाकलं आणि भात लावायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी करून टिपणीस एकटाच बदलापूर गावात गेला. पुतळाबाई अंगणात सुकट निवडत होती. गुडघ्यांनी पुरती जायबंदी झालेली, पण जीभ शाबूत. त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पोट, पीळ, दिवा, काही न लपवता. ती ऐकून घेत राहिली. मग विचारलं की किती गेले. सगळे, तो म्हणाला. आता पुन्हा म्हणशील का, हे विचारायचा त्याला धीर होईना, तरी विचारलं.

"लगीन नाय तर धवला कसा यंल?" ती म्हणाली. मग त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, "पुसलंस तू. मग नवरा तूच व्हशील. जा, बायकोला घेऊन ये. हलद आन."

आलेल्या रविवारी पुतळाबाईच्या अंगणात चार बांबूंचा मांडव उभा राहिला. बावन्न वर्षांचा नवरदेव आणि सत्तेचाळीस वर्षांची नवरी शेजारी शेजारी पाटावर बसली. नवरीच्या मांडीवर वही. शेजारणी तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि एकीनं तर नवऱ्याला दात किती उरलेत ते मोजून घ्या म्हणून सुचवलं. पुतळाबाई हसली नाही. तिनं मांडवाचा धवला धरला, मग तांदळाचा, मग हळदीचे एकामागून एक. थंड ओली हळद कपाळाला, गालांना, त्या झिजलेल्या हातांना लागली, आणि टिपणीसला अठ्ठावीस वर्षांत कुणी अशी झोप आणली नव्हती. दहाव्या धवल्याला मान खाली गेली.

"नवरा निजला," शेजारीण म्हणाली.

"निजू दे. त्याच्यावाचून अडत नाय," पुतळाबाई म्हणाली आणि पुढे गात राहिली. मालिनीबाई लिहीत राहिल्या.

ऊन कलेपर्यंत चाळीस झाले. शेवटचा पाठवणीचा. तिथे मात्र ती थांबली. नवरी उठून नवऱ्याबरोबर निघाली पाहिजे, त्याशिवाय तो येत नाही. मालिनीबाईंनी नवऱ्याचा खांदा हलवला. तो दचकून उठला, पाळीचा भोंगा झाला का म्हणाला.

"नाही हो. मला घेऊन निघायचंय तुम्हाला," मालिनीबाई म्हणाल्या. फ्लॉप्या गेल्यापासून त्या त्याच्याशी पहिल्यांदा बोलल्या होत्या.

तो उठला. पिवळ्या हातांनी त्यानं वही उघडी करून त्यांच्यासमोर ताटासारखी धरली आणि उलट्या पावलांनी फाटकाकडे चालू लागला. त्या चालता चालता लिहीत होत्या आणि मागे अंगणात पुतळाबाईचा आवाज चढत होता. फाटकाबाहेर आल्यावर शेवटची ओळ नीट ऐकू येईना, म्हणून दोघं कान देऊन रस्त्यातच उभी राहिली.