शेण्यांचा टेम्पो अडवणाऱ्या शालनबाई

शालनबाई कांबळे यांच्या साठीच्या अंकासाठी चार शब्द द्या म्हणून मंडळी माझ्याकडे आली, तेव्हा मी विचारलं, "पावणं, शुद्धीवर हायसा न्हवं? माझ्या नातवाला बेड्या घालणाऱ्या बाईचं गुणगान मी गाऊ?" सगळी खाली बघायला लागली. मग मीच म्हटलं, "गाते की. बसा." मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात अनुजा लिहिते. मधे मधे ती माझी भाषा शुद्ध करते, त्याला माझा इलाज नाही.

बाईंची आणि माझी पहिली ओळख एका वाढदिवसाला झाली. उचगावच्या कडेला आमची गल्ली. माझ्या म्हशींच्या गोठ्यासमोर पोरांनी टेबल मांडलं, गाणी लावली आणि तळहाताएवढा केक तलवारीनं कापायला घेतला. तेवढ्यात हवालदार शालनबाई गाडीवरून उतरल्या.

"कुणाचा वाढदिवस?"

"भाईचा."

"भाईची आई कुठाय? तिनं जन्म दिलाय, तिला बोलवा की." पोरं पांगली. बाईंनी तलवार ताब्यात घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मावशी, तुमी बघत बसलासा?"

मी म्हटलं, "मी म्हटलं, केक लईच कडक असंल."

बाई हसल्या नाहीत. जाताना एवढंच बोलल्या, "आज केक हाय."

ते बोलणं मला तेव्हा जड वाटलं होतं. भांडणं आमच्या काळीही होती. बांधावरून व्हायची, पाण्याच्या पाळीवरून व्हायची, डोकी फुटायची. पण मारणारा कोण, कशापायी, हे साऱ्या गावाला ठाऊक असायचं, आणि म्हातारी माणसं मधे पडली की काठ्या खाली यायच्या. आता शहर आमच्या दारापर्यंत आलं. शेतात प्लॉट पडले, हायवेला बार झाले, कोण कुठल्या खोलीत भाड्यानं राहतो कळेना. पोरं खुनशीनं का बघितलं म्हणून कोयता काढू लागली. बाई म्हणायच्या, "पूर्वी भांडणाला कारण लागायचं. आता मोबाइलवर बघणारी माणसं लागतात." म्हणून त्या रोज सकाळी चहाबरोबर गल्लीतल्या पोरांची स्टेटस बघत. कुणी काळा फोटो टाकला, कुणी वाघाचा टाकला, की दुपारी बाई त्याच्या दारात. पोराशी बोलायच्याच नाहीत. आईला विचारायच्या, "पोरगं घरात जेवतंय का?" नाही म्हणाली, की बाईंच्या कपाळाला आठी पडायची.

माझा नातू ओंकार तेव्हा घरात जेवेनासा झाला होता. मी मात्र बाईंना सांगितलं होतं, "जेवतोय की, दोन भाकऱ्या." आजीचं तोंड, दुसरं काय बोलणार?

मग सुजितचा खून झाला. सुजित ओंकारचा जिवलग. मारणाराही आमच्याच गल्लीतला. त्याला त्याच दिवशी धरला. मागं राहिला त्या मारणाऱ्याचा थोरला भाऊ नितीन. गरीब माणूस, कुणाच्या अध्यात न मध्यात. रक्षाविसर्जनाला तो बापाला घेऊन येणार, सुजितच्या आईच्या पाया पडणार, असं गल्लीत कळलं. आणि पोरं एकदम शांत झाली. घरात साप शिरल्यावर होते तशी शांतता.

आपल्या स्मशानात सरण रचतात ते लोकांनी दिलेल्या शेण्यांवर, म्हणजे गोवऱ्यांवर. दरसाल आमच्या घरचा टेम्पो जातो. त्या दिवशी सुजितच्या नावानं पाठवायचा मी ठरवलं. सकाळी बघते तर ओंकारनं टेम्पो भरून ठेवलेला! शेणाच्या वासानं नाक दाबणारं पोरगं. माझा ऊर भरून आला. मी त्याच्या शेजारी बसून स्मशानघाटावर गेले.

फाटकात शालनबाई उभ्या होत्या, सोबत एक शिपाई. मी खिडकीतून ओरडले, "बघा बाई, आज सूर्य कुणीकडं उगवला! नातवानं सोता शेण्या भरल्या!"

बाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, ऊन लागलं.

"ओंकार, गाडी बंद कर. शेण्या उतरव."

"आत हमाल हायत, मॅडम."

"भरल्यास तू. उतरीव तू."

त्यानं एकेक शेणी काढायला सुरुवात केली. काळे शर्ट घातलेली पोरं गोळा झाली. आत नितीन मान खाली घालून सुजितच्या आईसमोर उभा होता; त्याला कशाचा पत्ता नव्हता. शेण्यांचा ढीग खाली आला, तसं गोणपाट दिसलं. बाईंनी ते उघडलं. आत कोयते होते. माझ्या हातानं थापलेल्या शेण्यांखाली.

एक पोरगा पुढं सरकला. "मॅडम, त्याला सोडा."

"सागर," बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझी आई खानावळीत भाकऱ्या थापत असंल. फोन लावू, का तू घरला जातोस?"

सागर मागं सरला. त्याच्या मागची पोरंही सरली. बाईंनी ओंकारचं मनगट धरलं.

मी त्यांच्या पायावर पडले. "बाई, आईबापाविना वाढवलंय. नेऊ नका."

त्यांनी मला उठवलं. "मावशी, नेला तर तुमी त्याला भेटायला येशीला. न्हाय नेला तर ह्याच शेण्या त्याला लागतील."

त्यांना मी तिथं जे बोलले ते अनुजा लिहीत नाही. बरंच आहे.

बाईंनी कागदात एक अक्षर सौम्य केलं नाही. पण कोठडीबाहेर मी बसून होते, तेव्हा स्वतःच्या डब्यातली भाजी त्यांनी माझ्यापुढं सरकवली. मी डबा ढकलला. त्यांनी पुन्हा सरकवला. ओंकार जामिनावर सुटला, तर त्याच आठवड्यात बाई दारात हजर. मला म्हणाल्या, "घरात जेवतोय का?" या वेळी मी खरं सांगितलं, "बसतो ताटावर, पण उतरत न्हाय." बाई त्याच्यासमोर जाऊन बसल्या आणि तो निम्मी भाकरी खाईपर्यंत उठल्या नाहीत.

नितीनला परवा मुलगी झाली. माझ्या हातून तिला काजळ लागलं. ओंकार कारखान्यात कामाला जातो. खटला उभा राहायचा आहे आणि साक्षीदार आहेत शालनबाई. रात्री ओंकार विचारतो, "आज्जी, मॅडम काय सांगतील?" मी म्हणते, "बघितलं ते."

शालनबाई, आपल्याकडं तारीख लागायला किती वर्षं जातात, तुम्हाला मी काय सांगू? तेवढं आयुष्य तुम्हाला मिळो, आणि त्याच्या पुढचंही. कोर्टाचा जिना चढायला गुडघे शाबूत राहोत, नजर राहो, आठवण राहो, आवाज न चाचरो. खरं तेच सांगा. नातवाला शिक्षा झाली तर मी तुमच्या नावानं बोटं मोडेन. ते म्हातारीचं म्हणून सोडून द्या.

मी मागच्या बाकावर बसलेली असेन. साक्ष देताना माझ्याकडं बघू नका, एवढंच.