खुनी आधी सांगणाऱ्या बाई

वर्गात आल्या की बाई पर्स खुर्चीला अडकवायच्या, खडूचं टोक टेबलावर घासायच्या आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्या दिवशीच्या कादंबरीतल्या खुन्याचं नाव लिहायच्या. रोज. खाली एक रेघ. "झालं? आता वाचायला मोकळे."

रहस्यकथेचा हा ऐच्छिक विषय त्यांनी अकरा वर्षं भांडून मिळवला होता. विभागप्रमुख म्हणायचे, "बाई, हे प्रवासात वाचायचं. परीक्षेला कशाला?" त्यांची थोरली बहीण म्हणायची, "लोकांच्या बहिणी व्याकरण शिकवतात, आमची गळा दाबायला शिकवते!" बाई हसायच्या नाहीत. लेखक आपल्याला कुठे गाफील ठेवतो, पडद्याकडे बघायला लावून दार कसं लपवतो, हे नाव ठाऊक असल्याशिवाय दिसतच नाही, असं त्यांचं ठाम मत.

मुलांना ते पटत नसे. दरवर्षी दोन-चार जण चिडून दुसऱ्या विषयाला जायचे. त्या वर्षी आम्ही नऊ उरलो, आणि नोटीस लागली: शनिवारपर्यंत दहा झाले नाहीत तर विषय कायमचा बंद.

शुक्रवारी दहावा आला. नाटकात कामं करणारा उंच मुलगा. एका हातात अर्ज, दुसऱ्या हातात विभागाच्या कपाटातली, त्या दिवशी वर्गात घ्यायची कादंबरी. "मॅडम, सही करतो. फक्त आज नाव लिहू नका. निम्मं वाचून झालंय माझं."

"एकच दिवस, बाई," मी पुटपुटले.

बाईंनी खडू घासला. फळ्यापाशी त्यांचा हात बराच वेळ थांबला. खडू नुसता खाली ठेवला असता तरी भागलं असतं.

"आज नाही लिहिलं, तर उद्या तुला शिकवू काय?" म्हणाल्या, आणि नाव लिहिलं. रेघ ओढताना खडू मोडला.

"काय हो मॅडम!" अर्जाची घडी खिशात घालून तो निघून गेला.

सोमवारी यादीतून विषय गेला. हातातोंडाशी आलेला घास! मला त्या नोटिशीचा राग आला नाही, बाईंचा आला. कपाट रिकामं करायला त्यांच्याबरोबर थांबले, पण तोंड फुगवूनच. "एवढा कसला हट्ट?" शेवटी विचारलंच. त्या पुस्तकांवरची धूळ पुसत राहिल्या.

तेवढ्यात तो मुलगा कादंबरी परत करायला आला. "आता काय उरलंय वाचायला?" दारातूनच म्हणाला.

बाईंनी पुस्तक घेतलं, उघडलं. बरोब्बर मध्यावर बसचं तिकीट होतं; शुक्रवारनंतर ते एक पानही पुढे सरकलं नव्हतं. ते पान त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं, तिकीट काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्या वर्गातलं त्यांचं शेवटचं बोलणं एवढंच.

"हे घे. तुझं तिकीट राहिलंय आत."