डाव्या हाताचा मनोरा

उत्तनचा लुईस मिठाच्या मचव्यावर सुकाणू धरायचा. मी वल्ही मारायचो. भाईंदरला मीठ भरायचं, मुंबईला उतरवायचं. वीस वर्षं हेच. मुंबई आम्ही समुद्रातूनच पाहिली. राजाबाईचा मनोरा डाव्या हाताला ठेवला की गेटवे समोर येई.

अठ्ठेचाळीस साली त्याच्या बायकोची, ॲलिसची, नजर जायला लागली. उजेड उतरला की तिला काहीच दिसेना. ती म्हणाली, "तुजी मुंबई एकदा दाखव. मग गेली नजर तर जाऊ दे."

बाईला मचव्यावर घ्यायची रीत नव्हती. लुईस तिला गाडीने न्यायला निघाला.

मी विचारलं, "वाट ठावं हाय काय?"

"वीस वर्सं मीच तुला नेतोय ना रे?" तो म्हणाला.

मनोऱ्यापर्यंत ती दोघं दुपारीच पोचली. तिथून लुईसने सवयीने, मचव्यावर ठेवायचा तसा, मनोरा डाव्या हाताला ठेवला आणि नकळत गेटवेकडे पाठ करून चालू लागला. कुणाला विचारलं नाही. क्रॉफर्ड मार्केट आलं तेव्हा चूक कळली. परत फिरून गेटवेला पोचेपर्यंत दिवे लागले होते.

ॲलिसने कमानीच्या दगडावर हात फिरवला.

"केवढी हाय रे?"

"मोठी हाय," लुईस म्हणाला.

नाताळच्या आत तिची नजर पुरती गेली.

हे त्याने मला मीठ उतरवताना सांगितलं, पाटी खाली न ठेवता. पुढच्या खेपेला मनोरा दिसला. त्याने तो डाव्या हाताला घेतला.