सिंकखालची वाटी

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणयंत्रावरचे. त्यांची चूक आजवर कुणाला सापडली नव्हती. कापड कमी पडलं की तिथे चुणी यायची, बाही तोकडी झाली की तिला दुसऱ्या रंगाची पट्टी लागायची, आणि गिऱ्हाईक आरशासमोर वळून विचारायचं, "मास्तर, ही नवी फॅशन का?" मास्तर तोंडातल्या टाचण्या न काढता "हुं" करायचे. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला खोटं बोलावं लागत नाही, नुसत्या हुंकारावर भागतं.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणे. तिचा सारा संसार एका तडकलेल्या ओट्यावर झाला. सिंकखाली कपाट नव्हतं. उरलेल्या पँटपीसचा पडदा होता, तोही मास्तरांनीच शिवलेला. शेवटी यंदा स्वयंपाकघर नवं करायला काढलं. ओटा आला, फरशी आली, आणि सिंकखाली फिक्या निळ्या रंगाचं कपाट आलं. मास्तरीणबाई येता-जाता त्याचं दार उघडून बघायची आणि काही न ठेवताच लावून टाकायची.

आला नाही तो फक्त प्लंबर. तो "उद्या नक्की" एवढ्या दोन शब्दांवर जगणारा माणूस होता. तोवर मास्तरीणबाई न्हाणीघरात पाटावर बसून भांडी घासत होती. ती उठताना गुडघ्यावर हात ठेवते, हे मास्तरांनी पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही.

"माझ्या हातून इतक्या पँटींना चेन बसल्या, एक नळ बसणार नाही?"

"बसेल हो," ती म्हणाली, "पण चेन बिघडली तर गिऱ्हाईक भिजत नाही."

मास्तर गळ्यात मोजपट्टी अडकवून कपाटात आडवे झाले. शिंप्याच्या सवयीने पाइप कापताना त्यांनी, शिवणीत दाबायला कापड ठेवतात तसा, तो थोडा जास्त ठेवला. तो बसवताना कमानीसारखा वाकला. मग कापला, तो तोकडा झाला. पाइपला चुणी घालता येत नाही हे त्यांना त्या वयात कळलं. हार्डवेअरवाल्याकडे इतक्या खेपा झाल्या की तो म्हणाला, "मास्तर, मशीन इथेच आणून टाका. जाण्या-येण्याचा त्रास वाचेल."

अखेर जोड जुळला. त्याच्या आट्यांवर गळती थांबवायची ती पांढरी पातळ टेप मास्तरांनी फार मायेने गुंडाळली. बॉबिनमध्ये दोरा भरावा तशी, एकसारखी, आपल्या अंगाकडे. नळ सुरू झाला. मास्तरीणबाईने पहिलं पातेलं उभ्याने घासलं आणि मास्तरांसाठी चहा ठेवला.

संध्याकाळी मास्तरांनी कपाटात हात घातला. जोडाखाली थेंब होता. पुसला, तर पुन्हा आला.

सांगायला हवं होतं. पण त्या चहाची चव अजून जिभेवर होती. मास्तरांनी मागच्या कोपऱ्यात एक वाटी सरकवली आणि तिच्यापुढे साबणाचा डबा ठेवला. मास्तरीणबाई दूध आणायला गेली की आपण वाटी रिकामी करायची, असा मास्तरांचा क्रम सुरू झाला. मध्येच तिने विचारलं, "आपली एक वाटी कुठे गेली हो?" मास्तरांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी ते "हुं" म्हणाले.

एकदा ती बहिणीकडे गेली असताना त्यांनी टेपची डबी नीट पाहिली. तिच्यावर बारीक बाण होता, आणि तो बॉबिनच्या उलट दिशेला फिरत होता. त्यांची टेप जोड आवळताना उलगडून आत गोळा झाली होती. मास्तरांनी बाणाप्रमाणे ती नव्याने गुंडाळली. गळती थांबली. वाटी धुऊन फडताळात गेली आणि मास्तर त्या दिवशी दुकानात शीळ घालत होते.

पण वाटीच्या कडेने निसटलेलं पाणी तोवर लाकडात मुरलं होतं. थोड्याच दिवसांत कपाटाचा तळ फुगला, दार लागेना. सुताराला बोलावलं. त्याने बोटाने फळी दाबली. "पाणी लागलंय. ओली भांडी ठेवता का वहिनी?"

मास्तरीणबाईचा चेहरा उतरला. "घाईत ठेवली असतील."

त्या दिवसापासून ती प्रत्येक भांडं पुसायला लागली. पातेलं आतून, बाहेरून, मग कडांखालून. कुकरच्या झाकणाची खाच ती पदराच्या टोकाने कोरडी करायची. शेजारच्या खोलीतल्या दुकानात मास्तरांना पुसण्याचा आवाज यायचा, आणि सुईत दोरा ओवला जायचा नाही.

रविवारी मुलगी आली. फुगलेलं दार पाहून म्हणाली, "आई, एवढी हौस होती तुला या कपाटाची. जरा तरी जपायचंस."

"चुकलंच गं माझं," आई म्हणाली. "पडद्याची सवय ना. मला नवं सांभाळता येत नाही."

मास्तर पेपर वाचत होते. निदान पेपर त्यांच्या तोंडासमोर होता. तो त्यांनी खाली ठेवला.

"ओल्या भांड्यांनी नाही झालं. जोड गळत होता. मी टेप उलटी गुंडाळली होती."

"कधी?" मुलीने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. खाली वाटी ठेवली होती."

मुलीला हसू आलं, पण आईकडे बघून तिने ते गिळलं. मास्तरीणबाईच्या हातात आमटीचा डाव होता. ती तो पुसतच राहिली.

"नळ गळला त्याचं काही नाही," ती म्हणाली. "सुतार बोलला तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात."

मास्तरांना याला चुणी घालायला जागा सापडली नाही. "होतो," ते म्हणाले.

सुताराने नवा तळ बसवला. दार लागायला लागलं, जोड ठणठणीत कोरडा आहे. मास्तरांनी तिला वाकून, हात फिरवून दाखवला. तिने मान डोलावली. पण हाताला लागलेली सवय सुटत नाही. ती अजून प्रत्येक भांडं पुसूनच कपाटात ठेवते. तो आवाज आला की मास्तर मशीन थांबवतात, आत जातात आणि दुसरं फडकं घेऊन तिच्या शेजारी उभे राहतात.

"अहो, कुकर राहिला," ती म्हणते.

मास्तर झाकणाची खाच पुसायला घेतात.