पश्चिमेच्या बारा खिडक्या

लातूरच्या त्या वसतिगृहाचं काम घेतलं तेव्हा माझं डोकं जरा जास्तच वर गेलं होतं, हे आधीच कबूल करते. नांदेडात माझं छोटं ऑफिस आहे. इमारत कमी विजेत आणि कमी पाण्यात कशी चालेल याचा अभ्यास करायचा, आर्किटेक्टला नकाशात फेरफार सुचवायचे आणि शेवटी हरित इमारतीचं सर्टिफिकेट मिळवून द्यायचं, हे माझं काम. आमच्याकडच्या लोकांना वाटतं मी झाडं विकते. "ताई, लॉन लावून देता का?" असं विचारणाऱ्यांना पूर्वी मी बसवून समजावून सांगायची. आता नुसतं "नाही" म्हणते आणि फोन ठेवते.

वसतिगृह मुलींचं. चालवणारे सर स्वतः क्लास घेतात. आजूबाजूच्या तालुक्यांतल्या मुली मेडिकलच्या परीक्षेची तयारी करायला त्यांच्याकडे येतात आणि दोन-दोन वर्षं तिथंच राहतात. सरांना हरित इमारतीची पाटी दारावर हवी होती, तीही नव्या ॲडमिशनच्या आधी. मला हवं होतं वेगळंच. एकाही खोलीत एसी नाही, कूलर नाही, तरी पोरी उन्हाळ्यात सुखानं झोपतात, असं एक तरी काम मला आमच्या भागात करून दाखवायचं होतं.

युक्ती जुनीच आहे. लातूर पठारावर. दिवसा कितीही भाजलं तरी रात्री पश्चिमेकडनं वारं सुटतं. खिडक्या रात्रभर उघड्या ठेवल्या की भिंती गार पडतात, सकाळी त्या लावून घेतल्या की गारवा दुपारपर्यंत पुरतो. आमच्या उमरीकडं माणसं उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकतात ती काय उगं टाकतात? वरच्या मजल्यावरच्या बाराही खोल्यांना मी पश्चिमेला मोठ्या खिडक्या दिल्या. ऊन अडवायला वर खोल छज्जे दिले, भिंती राखेच्या विटांच्या, दुहेरी घेतल्या. अभ्यासाची टेबलं खिडकीला चिकटून ठेवायला लावली, म्हणजे दिवसा लाइट लावावा लागू नये. उजेडाचेही गुण असतात सर्टिफिकेटात. कॉम्प्युटरवर सगळं बसवून पाहिलं, तर आकडे इतके देखणे आले की मी आईला फोन करून सांगितले. आई म्हणाली, "बरं झालं बाई. जेवलीस का?"

सर्टिफिकेट दोन टप्प्यांत मिळतं. आधी नकाशावर कच्चं, मग लोक राहायला येऊन काही महिने झाले की मोजमाप करून पक्कं. त्यासाठी चार खोल्यांत तापमान नोंदवणारी काडेपेटीएवढी यंत्रं मी चिकटवून ठेवली होती. मार्च सरता सरता ती काढून मागवली, आकडे उतरवले, आणि माझं टाळकंच सरकलं. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तापमानाची रेघ दर रात्री छान खाली उतरत होती. मग एका तारखेपासून चारही खोल्यांत तिनं उतरणंच सोडून दिलं होतं. पहाटे पाचला बाहेर बावीस डिग्री आणि आत तेहेतीस! माझ्या इमारतीत! खिडक्या बंद ठेवल्याशिवाय हे होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी काढली. अहमदपूर मागं पडेपर्यंत मी रेक्टरबाईंना काय काय ऐकवायचं याची उजळणी करत होते. या बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, हातात कायम किल्ल्यांचा जुडगा. मी जिन्यातच सुरू झाले. "बाई, कोट्यवधी रुपयांची इमारत बांधून तुम्ही पोरींना हवाबंद डब्यात भरून ठेवलं की हो! खिडक्या लावायला कुणी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी नाही लावल्या मॅडम. वर चला, त्यांनाच विचारा."

वर पहिल्याच खोलीत गेले तर खिडकी बंद, आणि काचांवर आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. दुपारचे चार वाजलेले आणि पोरी ट्यूब लावून, डोक्यावर ओले टॉवेल घेऊन वाचत बसलेल्या. टेबलं ओढून दाराशी नेलेली. खोलीत पलंग चार, पोरी तीन. चौथ्या पलंगावर नुसती गुंडाळलेली गादी.

मी विचारलं, "अगं, जीव घाबरा होत नाही का तुमचा?"

त्यांतली एक म्हणाली, "गरम झालं तरी चालंल मॅडम. घरी नको."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पश्चिमेला, अरुंद गल्लीच्या पलीकडं, मुलांची मेस आहे. मेसची गच्ची बरोबर आमच्या वरच्या मजल्याच्या उंचीला येते. फेब्रुवारीत एके संध्याकाळी चौथ्या पलंगावरची पोरगी न्हाऊन, केस मोकळे सोडून, खिडकीपाशी टेबलावर वाचत बसली होती. गच्चीवरच्या एका टोणग्यानं मोबाइलवर तिचा फोटो काढला, खाली काहीतरी वाह्यात लिहिलं आणि मित्रांना पाठवला. तो फिरत फिरत इथंही आला. नियमाप्रमाणं रेक्टरबाईंनी वडलांना फोन केला. दुसऱ्या दिवशी वडील एसटीनं आले, तिची वळकटी बांधली आणि तिला घेऊन गेले. टेस्टमध्ये पहिली यायची ती. त्या रात्री पोरींनी बाराही खिडक्या आपल्या हातानं लावून घेतल्या. उद्या आपला नंबर लागला तर?

आणि मी काय विचारावं? माझ्याच तोंडातून निघालं, "पण तिनं खिडकी उघडी कशाला ठेवायची?"

मघाशी बोललेली पोरगी माझ्याकडं वळून म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं की मॅडम. उद्घाटनाला. संध्याकाळ झाली की खिडक्या उघडायच्या, टेबल तिथून हलवायचं नाही म्हणून."

मी त्या गुंडाळलेल्या गादीवर बसले. माझ्या कॉम्प्युटरात ती मेस म्हणजे एक करड्या रंगाचा ठोकळा होता. त्याची सावली माझ्या भिंतीवर किती पडते, तेवढंच मी पाहिलं होतं. ठोकळ्यावर कुणी उभं राहत नाही. आणि मी काय पुण्या-मुंबईहून आलेली आहे? विष्णुपुरीला इंजिनियरिंगची चार वर्षं हॉस्टेलात काढलेली बाई मी. खिडकीला ओढण्या बांधून झोपायचो आम्ही. एवढं सगळं अंगावरून गेलेलं असून मी ते विसरले, कारण कॉम्प्युटरात ते भरायला रकाना नव्हता. लाज वाटली मला. स्वतःची इतकी लाज त्याआधी क्वचितच वाटली असेल.

खाली येऊन सरांना सांगितलं. सर वाईट माणूस नाहीत, पण त्यांना पाटीची घाई. म्हणाले, "मॅडम, खिडकी उघडते ना? मग उघडते म्हणून लिहा. तपासणारा काय पहाटे येणार आहे बघायला?"

"सर, खाली सही माझी असते."

"लई ताणून राहिलात तुम्ही."

"ताणणारच. माझ्या खिडकीपायी एका पोरीचं वर्ष गेलं. आता खोटं लिहून उरलेल्यांना मी उकडत ठेवू?" माझा आवाज इतका चढला की पाणी घेऊन आलेला शिपाई दारातूनच परत फिरला. कूलर बसवायचे तर बारा खोल्यांचं वायरिंग नव्यानं करावं लागेल, एवढं सरांना मीच समजावून सांगितलं, तेव्हा म्हणाले, "करा मग काय करायचं ते. पण लवकर."

लातुरातल्याच एका फॅब्रिकेशनवाल्याला धरून मी खिडकीच्या बाहेरून बसवायच्या झडपा करायला घेतल्या. ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्या, बाहेरच्या बाजूला खाली झुकलेल्या. वारं आत यावं, पण समोरून बघणाऱ्याला पट्ट्यांशिवाय काही दिसू नये. पहिला नमुना फसला, पट्ट्या इतक्या दाट झाल्या की वाराच शिरेना. दुसरा जमला. मेसच्या गच्चीवर मी स्वतः चढले आणि खोलीत दिवा लावून सगळीकडून बघितलं, तेव्हा कुठं समाधान झालं. झडपांमुळं उजेड कमी झाला, उजेडाचे गुण गेले, आणि पुढं पक्कं सर्टिफिकेट ठरल्यापेक्षा एक पायरी खालचं मिळालं. सरांनी दोन दिवस तोंड पाडलं, मग पाटी लावली.

पण हे सगळं नंतरचं. झडपांचं काम चालू असतानाच मी रेक्टरबाईंना म्हटलं, "त्या पोरीच्या घरी फोन करा. आता यायला हरकत नाही म्हणावं. परीक्षेला अजून महिना आहे."

त्या म्हणाल्या, "दोनदा केला. 'तिथं सगळं उघडं हाय' म्हणतात आणि ठेवून देतात. सोयरीक बघायला लागलेत म्हणे." किल्ल्या या हातातून त्या हातात घेत पुढं म्हणाल्या, "मी गेले तर दारातूनच घालवतील. पहिला फोन मीच केला होता ना. तुम्ही जाता का?"

जमून आलेला तो दुसरा नमुना गाडीच्या मागच्या सीटवर आडवा टाकला आणि निघाले. गाव अहमदपूरपासून आत आठ-दहा किलोमीटर. स्लॅबचं घर, पुढं अंगण, लिंबाखाली बाज. बाजेवर वडील बसलेले. मी कोण ते सांगितलं तरी "बसा" म्हणाले नाहीत. पोरीची आई मला आत घेऊन गेली आणि पाणी देता देता हळूच म्हणाली, "दीड महिना व्हत आला, बोलत न्हाईत तिच्याशी. ताटबी माझ्याच हातनं घेतेत." पोरगी भिंतीला टेकून उभी होती. बारकीशी, चष्मा लावलेली. माझ्याकडं बघून नुसतं हसल्यासारखं केलं तिनं.

मी परत अंगणात आले. "भाऊ, तुमच्या पोरीची काही चूक नाही. खिडकी मी ठेवली, टेबल मी ठेवलं, उघडी ठेव म्हणूनही मीच सांगितलं."

"तुमी इंजिनियर?"

"हाव."

"मग समोर पोरांची मेस हाय, ती दिसली न्हाई तुमाला?"

"न्हाई दिसली," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते? सबब सांगायला गेले असते तर तिथंच उठून गेले असते ते.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. मग गाडीकडं बोट करून विचारलं, "ते काय आणलंय?"

झडप उतरवून आम्ही घराच्या दारात स्टुलावर उभी केली. वरची-खालची फट पोरीच्या आईनं गोधड्या लावून बुजवली. आत ट्यूब लावली आणि पोरीला पुस्तक देऊन खुर्चीत बसवलं. झडप धरून मीही आतच उभी राहिले. बाहेर मी वडलांना बाजेवर चढायला सांगितलं होतं. म्हटलं, तुम्ही आता गच्चीवर हाय असं समजा. आधी कुरकुरले, पण चढले.

"दिसून राहिलं का काही?" मी आतून विचारलं.

"न्हाई."

"खाली वाका. बाजूला सरका जरा."

बाज करकरली. "न्हाई. पट्ट्याच दिसतेत नुसत्या." मग म्हणाले, "ती आत हाय ना पर?"

"आहे की. खुर्चीत बसलीय."

मला वाटलं, आता ते उतरतील. तेवढ्यात ते बोलले, पण माझ्याशी नव्हे. "तुला म्या दिसतो का गं?"

पोरगी दचकली. तिनं आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पुस्तक मिटून ती पट्ट्यांजवळ आली.

"पाय दिसतेत, अण्णा."

"वारं लागतं का आत?"

"लागतंय." मग म्हणाली, "टाच लई फुटलीय तुमची."

"राहू दी ती." बाज पुन्हा करकरली. "पुस्तकं भर. सकाळच्या गाडीनं निघू."

पोरीनं ओढणीचा बोळा करून तोंडात धरला. चष्मा काढून आईच्या हातात दिला आणि तशीच खाली जमिनीवर बसली. आईनं तिला पोटाशी धरलं.

"ऐकू आलं का न्हाई?" बाहेरून त्यांनी विचारलं. त्यांना आतलं काहीच दिसत नव्हतं.