कोटराव काय म्हणाला

साहेबराव मामांना इंग्रजी येत नव्हतं, आणि हे चारचौघांत उघड करणारी मी, त्यांची सख्खी भाची. पेशानं इंग्रजीची शिक्षिका. एकोणीस वर्षं बारामतीच्या एका शाळेत मुलांच्या वह्यांवर लाल पेन चालवते आहे. चूक दिसली की माझा हात शिवशिवतो. त्या दिवशी हातात पेन नव्हतं, रिमोट होता, एवढाच काय तो फरक.

मामा माळेगावला साखर कारखान्यात पॅनमन होते. रस उकळून दाट झाला की त्यात साखरेचा दाणा कधी धरला, हे ओळखणं त्यांचं काम. मामा काचेवर एक थेंब घ्यायचे, उजेडाकडे धरायचे, एक डोळा मिटून म्हणायचे, "धरला." शिक्षण सातवीपर्यंत. पण त्यांच्या पाळीत पॅन कधी बिघडला नाही, हे अजूनही जुनी माणसं सांगतात.

सत्त्याऐंशी साली कारखान्यातले एक इंजिनिअर नोकरी सोडून पुण्याला निघाले आणि जाताना आपला व्हीसीआर आणि सात कॅसेटी मामांना देऊन गेले. सातही कॅसेटी हॉलिवूडच्या एकाच नटाच्या. सगळे सिनेमे दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत काढलेले, काळेपांढरे, इंग्रजी. त्या नटाचं नाव मामांना कधी धड घेता आलं नाही. तो प्रत्येक सिनेमात घोट्यापर्यंत लांब कोट घालून यायचा, म्हणून मामांनी त्याला कोटराव केलं, आणि सगळ्या कॉलनीत तेच नाव रुळलं.

हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की रविवारी दुपारी मामांच्या क्वार्टरमध्ये कोटराव लागायचा. खोलीत मुंगी शिरायला जागा नसायची. मामा खांद्यावर टॉवेल टाकून टीव्हीशेजारी उभे राहायचे आणि कोटराव काय बोलतो ते आम्हाला सांगायचे. कोटराव बोटीवर असला तरी पाळी बदलायला जायचा. त्याच्या कॅप्टनला मामा कारखान्यातल्यासारखं चीफसाहेब म्हणायचे. शत्रूला तो अशा शिव्या घालायचा, की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

"मामा, तुम्हाला एवढं इंग्रजी कसं येतं?" मी एकदा विचारलं. नऊ वर्षांची असेन.

"तोंडाकडं बघायचं," मामा म्हणाले. "मानसाचं तोंड काचंवरच्या थेंबावानी असतंय. पर तू नीट शीक. कोटराव काय म्हनतो त्ये तुला कळाय पायजे."

आमच्या घरातून इंग्रजी शिकायला कॉलेजात गेलेली मी पहिली. माझ्या आईनं नको म्हटलं तेव्हा तिच्याशी भांडले ते मामाच.

सगळ्यांचा लाडका सिनेमा स्टेशनचा. कोटराव लढाईला निघतो, बायको फलाटावर उभी, गाडी हलते आणि तो खिडकीतून काहीतरी बोलतो. इथे मामा हात वर करायचे. "येतो म्हनला. बगा, जातो न्हाय म्हनला, येतो म्हनला. चांगल्या घरातला हाय." सगळे माना डोलवायचे. मग शेवट जवळ आला की मामा व्हीसीआर बंद करत. "हितनं फुडं टेप खराब हाय." आणि पुढचं तोंडी सांगत. कोटराव सकाळच्या गाडीनं उतरला, घरी आला, बायको भाकरी थापत होती, तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही.

शकू मामी तेवढा वेळ टीव्हीकडे पाठ करून ताटात मेथी निवडत बसलेली असायची. तिला सिनेमाची आवड नाही असंच मी धरून चालले होते. मला काय सगळंच कळत होतं!

मामा निवृत्त होऊन इंदापूरला घर बांधून राहिले. व्हीसीआर मोडीत गेला, कॅसेटींना बुरशी चढली. तरी सातही कॅसेटी लोखंडी कपाटात जपून ठेवलेल्या. तीन वर्षांपूर्वी त्यांचा नातू अविराज फौजेत गेला. लहानपणापासून तो मामीच्याच हाताखाली वाढलेला. तिकडे बर्फात त्याच्या मोबाईलला रेंज नसायची. चार-पाच दिवस फोन आला नाही की मामीचं जेवण अर्ध्यावर यायचं. मग मामा स्टेशनवाली कॅसेट काढून बंद टीव्हीवर ठेवायचे, टॉवेल खांद्यावर टाकायचे आणि उभे राहून सांगायला लागायचे. मी हे एकदा माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मला तेव्हा हसू आलं होतं.

आणि मग मला छान कल्पना सुचली. मामांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. कोटरावाच्या त्याच सातही सिनेमांच्या नव्या सीडींचा संच मी ऑनलाईन मागवला, सोबत प्लेअर. चित्र स्वच्छ, खाली इंग्रजी अक्षरांत संवाद. अविराज सुट्टीवर आला होता, दुसऱ्या दिवशी निघणार होता. माळेगावचे मामांचे जुने सोबती सर्जेराव मुद्दाम आले होते. मामांनी इस्त्रीचा सदरा घातला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि ते टीव्हीशेजारी उभे राहिले.

पहिल्या पाच मिनिटांत माझा हात शिवशिवला. मी रिमोटनं चित्र थांबवलं. "मामा, तो तसं नाही म्हणत. तो म्हणतोय, दारूगोळा संपलाय." पुन्हा थोड्या वेळानं थांबवलं. पुन्हा. मामा हसत म्हणाले, "आसंल, आसंल." सर्जेराव मांडीवर थाप मारून ओरडले, "आरं साहेबराव, मग यवढी वर्सं तू आमाला काय सांगत हुतास?" सगळे हसले. मीही हसले. मामांनी टॉवेल काढून घडी घातली आणि ते खाटेच्या कडेला बसले.

तिथे तरी मी थांबायला हवं होतं. फलाट आला, गाडी हलली. मामीनं पाठमोरीच विचारलं, "येतो म्हनला न्हवं?"

"नाही मामी," मी वर्गातल्या आवाजात सांगितलं. "माझी वाट पाहू नकोस, म्हणतोय."

शेवट आला तसे मामा घाईघाईनं म्हणाले, "हितनं फुडं ऱ्हाऊ दे, सुप्रिया." मी म्हणाले, "अहो, ही टेप थोडीच आहे? ही नाही खराब होत." पोस्टमन आला, तार दिली, ती बाई पायरीवर बसली. कोटराव परत आलाच नाही. मामीनं मान वळवून टीव्हीकडे बघितलं. तिच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. अविराज बॅग भरायला उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर अविराज म्हणाला, "येतो आजी." ह्यावर 'ये बाळा' म्हणायचं असतं. मामीनं नुसती त्याची बाही धरली ती कंडक्टरनं बेल मारेपर्यंत सोडली नाही.

आठवड्यानं रवींद्रचा, म्हणजे मामांच्या मुलाचा, अविराजच्या वडिलांचा फोन आला. "ताई, आबा बोलंनात. विचारलं तेवढ्याचं उत्तर देत्यात, बास." मी म्हणाले, वय झालं, होतं असं. ते मी त्याला सांगितलं की स्वतःला, मला माहीत नाही. मला लाज वाटत होती. वह्या तपासायच्या आहेत, परीक्षा आहेत, अशी कारणं काढत मी पाच आठवडे इंदापूरला गेले नाही. बारामतीहून इंदापूर असं किती लांब आहे?

शेवटी एका रविवारी दुपारी गेले. मामा बाहेर ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसले होते. "जय भीम, मामा." त्यांनी नुसती मान हलवली. आत सीडींचा संच टीव्हीवर होता तसाच. मामी मेथी निवडत होती. अविराजचा फोन येऊन सहा दिवस झाले होते.

मी तिच्यासमोर बसले आणि बसमध्ये घोकत आणलेलं वाक्य म्हणून टाकलं. "मामी, माझंच चुकलं होतं. मी पुन्हा नीट ऐकलं. कोटराव येतोच म्हणतो."

मामीनं माझ्याकडे बघितलं. "तुला खोटं बोलाय येत न्हाय गं पोरी. ह्येंनाच येतंय."

मी ताटातली एक काडी उचलली.

"मला ठावं न्हवतं व्हय, ह्येंना इंग्रजी येत न्हाय त्ये? चव्वेचाळीस वर्सं संसार केला. मी त्या कोटरावाला कवा बगितलं? माजी पाठच असायची. मी ह्येंचं ऐकत बसायची. पोराचा फोन न्हाय आला तर ह्ये सांगत्याल, येतो म्हनलाय, म्हंजी यील, आसं वाटायचं." तिनं काड्या बाजूला सारल्या. "आता सा दिस झालं. सांगाय कोन हाय?"

मला रडू आलं. मामीनं समजूत काढली नाही, आणि ते बरोबरच होतं. मी सीडींचा संच उचलून पिशवीत घातला. कपाटातल्या कॅसेटीला हात लावायची माझी छाती झाली नाही. चहाही न घेता उठले.

ओट्यावर चपला घालताना शब्द सुचेनात. कसंबसं म्हणाले, "मामा, जाते मी."

मामा रस्त्याकडेच बघत होते.

"जाते न्हाय," ते म्हणाले. "येते म्हन."

आतलं निवडणं थांबलं. "काय म्हनलं ओ?" मामीनं आतून विचारलं.

मामांनी घसा खाकरला. "काय न्हाय," ते जरा मोठ्यानं म्हणाले. "हिला बोलाय शिकवतूय."