नेफेली, ख्रिसांथी आणि नलिनीताईंची ओ

निकोसचा फोन आला तेव्हा मी आखातातल्या आमच्या या शहरात, मिरकाब भागातल्या ऑफिसात एक रिपोर्ट संपवत होते. "आत्या, आई उठत नाहीयेत," तो इंग्रजीत म्हणाला. 'आत्या' आणि 'आई' एवढेच शब्द मराठी. मी म्हटलं, "झोपू दे रे, थकल्या असतील." त्यानं फोन ठेवला. मी रिपोर्ट संपवला... खरंच संपवला, पाठवूनही दिला, मग पर्स उचलली आणि टॅक्सीनं सालमियाला, घरी निघाले. नलिनीताई देवधरांना जाऊन आता दोन महिने होत आले. मला अजून रडू आलेलं नाही. येईल, असं सगळे सांगतात. मी वाट बघते आहे.

आम्ही एकाच इमारतीत, त्या तिसऱ्या मजल्यावर, मी पाचव्या. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा विळी कुठं मिळते आणि कढीपत्ता कुठल्या बाकाल्यात ताजा असतो, हे त्यांनीच दाखवलं. बाकाला म्हणजे कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या, पण मैत्रीण म्हणूनच वागल्या आणि तितक्याच भांडल्या. त्यांची केतकी इथंच वाढली, इथंच नोकरीला लागली आणि इथंच निकोसला भेटली. निकोस ग्रीक, इंजिनियर, कुठल्याशा लहान बेटावरचा. जावई ग्रीक आहे हे पचवायला नलिनीताईंना एक आठवडा लागला, आणि आठव्या दिवशी त्या त्याला थालीपीठ कसं थापायचं ते शिकवत होत्या.

केतकीला दिवस गेले आणि मुलगी आहे हे कळलं, तशा बाई नावाच्या मागे लागल्या. बाप ग्रीक आहे तर नाव ग्रीकच हवं, आपण काय अर्धवट करायचं नाही, हा त्यांचा हट्ट. रोज निकोसला धरून बसायच्या. एलेनी, कातेरीना, मारिया ही त्याच्या आज्या-मावश्यांची नावं. ती त्यांना फार घरगुती वाटायची. मग त्यानं सांगितलं की हल्ली त्यांच्याकडे फार जुनी, पार हजारो वर्षांमागची नावं परत निघाली आहेत. "म्हणजे आपल्यासारखंच की," नलिनीताई मला म्हणाल्या, "आजी सुशीला आणि नात गार्गी." आयरीनी म्हणजे शांती, झोई म्हणजे आयुष्य. थिओडोरा म्हणजे देवाची देणगी, तर तिला त्यांनी लगेच देवदत्ता करून टाकलं. ख्रिसांथी म्हणजे सोन्याचं फूल, आणि ते फूल कुठलं हे निकोसनं फोनवर दाखवलं तेव्हा त्या खूश झाल्या. "अगं, ही तर शेवंती. उगाच एवढी लांबण लावली."

पण नुसतं आवडून भागायचं नाही. नाव हाकेला टिकलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या स्वतः स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीत जाऊन उभ्या राहायच्या आणि देवधरकाकांना हॉलमधून हाक मारायला लावायच्या. काका बिचारे पेपर बाजूला ठेवून गंभीरपणे ओरडायचे, "थिओडोरा..." आणि बाल्कनीतून बाळाच्या वतीनं ओ यायची. "नाही हो, तुम्ही हाक मारेपर्यंत पोर रस्ता ओलांडून समुद्रावर पोचेल. पुढचं घ्या." रागावून कसं वाटतं, जेवायला बोलावताना कसं वाटतं, सगळं करून बघायचं. शेजारचं इजिप्शियन कुटुंब काय समजत असेल, देव जाणे. मी एकदा म्हटलं, "काका, जगातल्या सगळ्या बायकांना नावानं हाका मारून झाल्या, आता घरातलीलाही एकदा मारा." काका नुसते हसले. त्यांनी नलिनीताईंना कधी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. 'अगं', 'ऐकलंस का', फार झालं तर 'केतकीची आई'. लग्नात नाव घेतलं तेवढंच, असं त्याच सांगायच्या, तक्रार म्हणून नाही, एक माहिती म्हणून.

मग तो शुक्रवार आला. सुट्टीचा दिवस, पोहे झाले होते, आणि निकोस मोठ्या उत्साहानं म्हणाला की त्याचं आणि केतकीचं ठरलंय, बाळाचं नाव नलिनी. त्याच्या बेटावर पहिली मुलगी आईच्या आईचं नाव घेते, याहून मोठा मान नाही. नलिनीताईंचा हात पोह्यांच्या पातेल्यावरच थांबला. "मला वर पाठवायची एवढी घाई झाली का तुम्हाला?" त्या मराठीतच म्हणाल्या. निकोसचा चेहरा पडला. केतकीनं त्याला समजावलं की आमच्याकडे नाव ठेवतात ते गेलेल्या माणसाचं, जित्या आजीचं नाव नातीला देत नाहीत. त्यावर तो म्हणाला, "आमच्याकडे आजीला ऐकू यावं म्हणूनच ठेवतात. ती नसताना ठेवून काय उपयोग?" हे मी नलिनीताईंना मराठीत सांगितलं. त्या थोड्या विरघळल्या, पण हटल्या नाहीत. "त्याला म्हणावं, मान पोचला. नाव दुसरं शोध." आणि माझ्याकडे वळून, "तुला बहीण केलंय मी त्याची, त्याला सख्खी कुणी नाही. बारशाला कानात नाव तूच सांगणार. माझं सांगितलंस तर बघ."

शेवटचं बघितलं ते एका गुरुवारी संध्याकाळी. दिवसभर धूळ होती, त्या बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरी झटकत होत्या. "सापडलं," म्हणाल्या. "नेफेली. म्हणजे ढग. या गावात ढगाचंच अप्रूप." मग आत ओरडल्या, "अहो, नेफेली म्हणा." काकांनी हाक मारली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाल्या, "ओ." मी माझी इस्त्री परत घेऊन वर गेले. त्यानंतर मी त्यांचा आवाज ऐकला नाही.

इथं आपलं दहन होत नाही, गावी न्यावं लागतं. केतकीला नववा लागलेला, विमानात कोण बसू देणार? तिनं आईला इथंच, शवागारात पाहिलं. मी तिचा दंड धरून उभी होते आणि तिथली फरशी किती स्वच्छ आहे, असं काहीतरी माझ्या मनात चाललं होतं. खिडकीतल्या कारकुनानं काकांना विचारलं, "इस्म?" म्हणजे नाव. इतकी वर्षं इथं काढलेल्या माणसाला तेवढं अरबी कळतं. काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. कारकुनानं परत विचारलं. शेवटी निकोस पुढे झाला आणि म्हणाला, "नलिनी." नलिनीताईंना नेलं त्याच विमानानं काका पुण्याला गेले, तेरावा करून परत आले, आणि चार दिवसांत मुलगी झाली.

बारसं करायचं की नाही यावर कुणी बोललंच नाही. मी घुगऱ्यांसाठी हरभरे भिजवले, कारण नलिनीताईंनी भिजवले असते. इमारतीतल्या दोघीतिघी आल्या. पाळण्याला केतकीनं आईचीच साडी बांधली होती. मी वाकले आणि विचारलं, "काय सांगू?" तेव्हा लक्षात आलं की नाव ठरलेलंच नाही. "नेफेली," केतकी म्हणाली, "आईनं ठरवलं होतं." निकोस खाली बघत राहिला. मग हळूच म्हणाला की आता तुमच्या रीतीप्रमाणे नलिनी ठेवता येईल, पण माझ्या रीतीप्रमाणे उशीर झाला, आता कोण ऐकणार? केतकी त्याच्यावर चिडली. मी तशीच वाकलेली, कंबर दुखायला लागली होती. आईनं दिलेलं नाव पाळायचं की आईचं नाव ठेवायचं, हे मी कशी ठरवणार?

"थांबा," काका म्हणाले. ते उठून हॉलच्या त्यांच्या नेहमीच्या जागी गेले, बाल्कनीकडे तोंड केलं आणि हाक मारली, "नेफेली..." चांगली वाटली. खरंच चांगली वाटली. ते थोडे थांबले, घसा खाकरला.

"नलिनी..."

आवाज पार चिरका निघाला, सवय नव्हती ना. आम्ही सगळे बाल्कनीच्या दाराकडे बघत होतो. तिथं दोरीवर दुपटी वाळत होती. काकाही तिकडेच बघत होते, आणि हाक मारली की ओ येते एवढंच त्या माणसाला माहीत होतं. ते उभेच राहिले. केतकीनं तोंडावर पदर धरला. मला ते बघवेना. मी पाळण्यावरून न उठताच म्हटलं, "ओ."

काका येऊन खुर्चीत बसले. "हेच टिकतं," म्हणाले. मग मी बाळाच्या कानात नाव सांगितलं. नलिनीताईंनी बजावलेलं असूनही.

आता ऑफिसातून येताना तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबवते. काका बाळाला मांडीवर घेऊन हॉलमध्ये असतात आणि हाका मारत असतात. रागावून, लाडानं, जेवायला बोलावल्यासारखं. इतक्या वर्षांच्या एकदम. नलिनी, नलिनी, अगं नलिनी. ती त्यांच्याकडे टक लावून बघते, तिला अजून बोलता येत नाही. तोवर बाल्कनीत उभं राहून ओ द्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. मी चादरी काढता काढता देते.